गिअरबॉक्सचा आवाज जाड ऑइलने जात नाही, फक्त दबतो

सध्या एक मेसेज फिरतोय, फोर बाय फोर असेल तर तुम्हालाही कोणीतरी पाठवलाच असेल. थोडक्यात मजकूर असा: मॅन्युअल फोर बाय फोरचा गिअरबॉक्स आवाज करतोच, जास्त वाटला तर जाड ऑइल टाका, क्लच दाबल्यावर आवाज थांबला म्हणजे क्लच बेअरिंग गेलं तेवढं बदला, मधूनमधून फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीची हाय रेंज) चालवा म्हणजे लोड वाटला जातो, आणि एवढं करूनही थांबला नाही तर सेकंडहँड बॉक्स बसवून मोकळे व्हा. वाचायला भारी वाटतं, पण यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे आणि बाकीची खिशाला महागात पडणारी आहेत.

आधी क्लचवाला मुद्दा घेतो, कारण तो सरळसरळ उलटा सांगितलाय. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पेडलवर पाय नाही. अशा वेळी बॉक्सच्या आत इनपुट शाफ्ट (क्लचकडून ताकद आत आणणारा दांडा) आणि लेशाफ्ट (त्याच्याशी दातांनी जोडलेला बाजूचा दांडा) फिरत असतात. पेडल पूर्ण दाबलं की इनपुट शाफ्टचा इंजिनशी संबंध तुटतो आणि ते दोन्ही थांबतात. म्हणजे पेडल दाबल्यावर घुरघुर *थांबत* असेल तर संशय इनपुट शाफ्टच्या नाहीतर लेशाफ्टच्या बेअरिंगवर जातो, क्लच बेअरिंगवर नाही. क्लच बेअरिंग म्हणजे रिलीज बेअरिंग, त्याच्यावर जोर येतो पेडल दाबल्यावर, त्यामुळे ते खराब असेल तर आवाज दाबल्यावर *सुरू* होतो. एक बारीक गोष्ट मात्र आहे, काही गाड्यांत रिलीज बेअरिंग सतत टेकलेलं असतं, तिथे पेडलवर नुसता पाय टेकवा, क्लच सुटायच्या आधीच आवाज बदलला किंवा गेला तर मग खरंच तिकडे बघा. आणि डिझेलमध्ये आयडलला खडखड येते, पेडल दाबलं की जाते, रेस थोडी वाढवली तरी जाते, ती बहुतेक वेळा इंजिनच्या झटक्यांनी गिअरचे दात एकमेकांवर आपटल्याची असते, म्हणजे क्लच प्लेटच्या स्प्रिंगा किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (झटके शोषणारं दोन भागांचं फ्लायव्हील) तपासा. बेअरिंगचा आवाज रेसबरोबर चढत जातो, खडखडीचं तसं नसतं. हा फरक कानाने ओळखता आला तर निम्मं काम झालं. नाहीतर क्लच बेअरिंगसाठी बॉक्स खाली उतरवणार, नवीन बेअरिंग टाकणार, बॉक्स चढवणार आणि चावी फिरवल्यावर तोच आवाज, मजुरी दोनदा.

मेसेजमध्ये एक गोष्ट अजिबातच नाही आणि ती फक्त फोर बाय फोरवाल्यांनाच करता येते. ट्रान्सफर केसला (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) वेगळा लिव्हर असेल आणि त्याला न्यूट्रल असेल (बटणवाल्या सगळ्या गाड्यांत नसतो) तर सपाट जागी उभे राहा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, कारण ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडीही घरंगळू शकते, हे लोक विसरतात. मग ट्रान्सफर न्यूट्रलला टाकून इंजिन चालू करा आणि एकेक फॉरवर्ड गिअर टाकून ऐका. गाडी जागेवर, पण मेन शाफ्टसकट (ताकद बाहेर नेणारा दांडा) गिअरबॉक्स पूर्ण फिरतोय. इथे आवाज आला तर तो बॉक्सचा किंवा ट्रान्सफर केसच्या तोंडाचा, म्हणजे ताकद आत येते त्या बाजूचा. इथे सगळं शांत आणि रस्त्यावरच आवाज असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे (ॲक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा) क्रॉस, डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा संच), व्हील बेअरिंग, अगदी मड टेरेन टायरसुद्धा बघा, ते टायर असे गुणगुणतात की भलेभले गिअरबॉक्स उघडायला निघतात. चालत्या गाडीत क्लच दाबून न्यूट्रल केलं तरी आवाज स्पीडप्रमाणेच चालू राहिला तर तेच. फ्री व्हीलिंग हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) असतील तर टू-हायमध्ये, म्हणजे फक्त दोन चाकांना ताकद असताना, ते अनलॉक करून बघा, पुढचा प्रॉपेलर फिरायचा थांबला आणि आवाज गेला तर दोष पुढच्या बाजूला. हा, काही बेअरिंग लोड आल्याशिवाय बोलतच नाहीत, त्यामुळे उभ्या गाडीत शांतता म्हणजे बॉक्सला क्लीन चिट असं समजू नका.

गिअरप्रमाणे आवाज बदलतो का तेही बघा. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या बऱ्याच ५ स्पीड बॉक्समध्ये चौथा गिअर डायरेक्ट असतो, इनपुट आणि मेन शाफ्ट थेट जोडलेले, लेशाफ्ट फिरतो पण त्याच्यावर लोड नसतो. बाकी गिअरमध्ये घुरघुर आणि चौथ्यात शांत, तर लेशाफ्ट. फक्त एकाच गिअरमध्ये, तर त्याच गिअरचे दात नाहीतर त्याचं नीडल बेअरिंग (बारीक रोलरचं).

आता जाड ऑइल. दुखणाऱ्या दाताला नुसती वेदनाशामक गोळी, एवढाच त्याचा उपयोग. आवाज दबतो कारण जाड थर ढिल्या भागांमधली जागा भरतो, पण घासलेलं बेअरिंग घासलेलंच राहतं, शाफ्ट हलायला लागतो, दात चुकीच्या जागी टेकतात आणि मग बेअरिंगच्या खर्चात गिअरचा खर्च येतो. वर थंडीत सकाळी गिअर पडत नाही तो वेगळाच त्रास. 'जीएल-४ च्या ऐवजी जीएल-५ टाका, आकडा मोठा म्हणजे चांगलं' हेही त्याच मेसेजमध्ये आहे (जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे वर्ग). जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठीची रसायनं जास्त असतात, ती डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनला हवी असतात. सिंक्रो रिंगला (गिअर पडताना दोन भागांचा वेग जुळवणारी कडी) मात्र थोडी पकड लागते, फार निसरड्या ऑइलात ती घसरते आणि गिअर टाकताना कर्रर्र होतं, शिवाय काही जीएल-५ ऑइलं पितळी भागांना चालत नाहीत. उलट काही बॉक्सना पातळच ऑइल लागतं, लँड रोव्हरच्या जुन्या एलटी-७७ बॉक्समध्ये तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) जातं, त्यात ९० नंबरचं जाड गिअर ऑइल ओतणारे आजही भेटतात. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका.

ऑइल टाकण्यापेक्षा ते *काढून* बघणं जास्त उपयोगी. आधी भरायचा नट सुटतोय का बघा, मगच खालचा ड्रेन नट उघडा, नाहीतर ऑइल जमिनीवर आणि वरचा नट जाम. ड्रेन नटच्या मॅग्नेटवर करड्या रंगाची मऊ पेस्ट असली तर चालतं. नखाला टोचतील असे चमकते तुकडे, सोलपटं, किंवा ऑइलात सोनेरी चकाकी दिसली (ती सिंक्रो रिंगची) तर आता आवाज दाबून उपयोग नाही. ऑइल दुधाळ असेल तर पाण्यातून गाडी गेलीय आणि ब्रीदर (बॉक्सची हवा ये-जा करायची नळी) तुंबलाय, गरम बॉक्स थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढून घेतो. आणि लेव्हल कमी, पण खाली एक थेंब नाही, असं असेल तर ट्रान्सफर केसची लेव्हल बघा, मधलं सील गेलं की ऑइल शेजारच्या केसमध्ये जाऊन बसतं.

फोर-हायचा सल्ला मी वाचून हसलो. पार्ट टाइम फोर बाय फोरला सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या ॲक्सलला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसतो, वळताना पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळं अंतर कापतात, कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर घसरत नाही मग सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये आणि शाफ्टमध्ये साठतो. लोड वाटला जाणं राहिलं बाजूला.

'आवाज असतोच' हे अर्धं खरं. रिव्हर्सचे दात बऱ्याचदा सरळ कापलेले असतात म्हणून तो कुईं करतो, लो रेंजमध्येही कुईं होते, ते सोडा. काल नव्हता आणि आज आलाय तो आवाज सोडू नका.

राहिला सेकंडहँड बॉक्स. घ्यायचाच असेल तर इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, प्रत्येक गिअर टाकून फिरवा, शाफ्ट वर-खाली हलतो का बघा, त्यातलं ऑइल काढून मॅग्नेट बघा, आणि इनपुटचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) तुमच्या क्लच प्लेटला, मागचे तुमच्या ट्रान्सफर केसला बसतायत का हे मोजून घ्या. एलटी-२३० ट्रान्सफर केस लावलेल्या लँड रोव्हरमध्ये मेन शाफ्टचे मागचे स्प्लाइनच झिजतात, गाडीला पिकअप देताना ठक् होतं, आणि असा बॉक्स बाहेरून एकदम स्वच्छ दिसतो.