प्लगची तिसरी पिन कापायला सांगणारा तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका

मागच्या रविवारी सोलापूरला मामांकडे गेले होते. मामा रिटायर झाल्यापासून घरूनच सोसायटीचे हिशोब बघतात, जुना कॉम्प्युटर आणि त्याला नवीन मॉनिटर असा सेट आहे. टेबलामागे वाकून सहज सीपीयूचा प्लग बघितला तर वरची जाड पिन गायब! हॅकसॉ ब्लेडने मुळापासून कापलेली, प्लास्टिकवर ब्लेडचे ओरखडे. जुन्या बोर्डाला आत शटर नाही म्हणून तसाच बसला तो. विचारलं तर म्हणाले, "अगं, ग्रुपवर आलंय ना, इंजिनिअरनेच लिहिलंय." आणि मेसेज दाखवला. 'कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी नक्की वाचा', पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले. डोकंच फिरलं माझं, कारण मामांची नऊ वर्षांची नात त्याच टेबलाखाली शहाबादी फरशीवर अनवाणी बसून खेळत होती.

मुद्दा पहिला, मेसेजच्या शब्दांत: "सीपीयूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर प्लगची तिसरी पिन काढून टाका, ती फक्त आधारासाठी असते."

आधारासाठी नसते हो! ती अर्थिंगची पिन, म्हणजे उपकरणाचा पत्रा वायरने जमिनीशी जोडणारी. बाकी दोघींपेक्षा लांब ठेवतात ती यासाठी की प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं.

आता झिणझिण्या का येतात ते बघा. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, फिल्टर असतो, त्यात फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोन्हीकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यातून अगदी थोडा करंट सतत बॉडीवर येतो आणि अर्थिंगच्या वायरने जमिनीत जातो. कॉम्प्युटर बिघडलेला नसतो, त्याची रचनाच तशी आहे. अर्थिंग तुटलं की बॉडीवर २३० व्होल्टच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट येऊन बसतात आणि बोट लावलं की मुंग्या. म्हणजे झिणझिण्या हीच अर्थिंग नसल्याची खूण, आणि उपाय काय सांगतायत तर उरलंसुरलं अर्थिंगही कापा.

ज्यांना पुरावा हवा त्यांच्यासाठी आकडे. कॉम्प्युटरसारख्या उपकरणांच्या सुरक्षिततेचं आयईसी ६०९५०-१ हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड कित्येक वर्षं वापरात होतं. त्यात अर्थिंगला न जोडलेल्या उपकरणाला बॉडीवर येणाऱ्या या करंटची, म्हणजे गळतीची, मर्यादा ०.२५ मिलीअँपियर, आणि अर्थिंगवाल्या टेबलावरच्या उपकरणाला ३.५. चौदा पट सूट, ती फक्त त्या तिसऱ्या पिनच्या भरवशावर. मोबाईल चार्जरला टू-पिन चालते ना मग, असं मामा म्हणाले. चालते, कारण त्याच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, म्हणजे आतून डबल इन्सुलेशन. सीपीयूच्या पत्र्याच्या डब्याला ते नसतं.

आणि झिणझिण्या तर सोडाच. उद्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर? अर्थिंग असेल तर मोठा करंट वाहून फ्यूज उडतो नाहीतर एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. अर्थिंग नसेल तर काहीच उडत नाही, दिवा नाही, आवाज नाही, पूर्ण २३० व्होल्ट अंगावर घेऊन तो डबा तसाच उभा राहतो, कोणीतरी हात लावेपर्यंत. आरसीसीबी (करंट जमिनीत गळतोय हे ओळखून लाईन तोडणारा स्विच) असेल तर तोही माणसाला हात लागल्यावरच पडणार, आणि मामांकडे तर अजून तार घालायचे जुने किटकॅट फ्यूज आहेत. ओल्या केसांनी ती पोर रोज तिथे बसते.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. मामा म्हणाले पिन कापल्यावर झिणझिण्या खरंच कमी झाल्या. मी खोटं म्हणणार होते, पण वायरमनला बोलावलं, त्याने टेस्टर फ्रिजला लावला तर तो पेटला. मीटरजवळ मेन अर्थिंगची वायर क्लॅम्पमधून सुटलेली, म्हणजे घरभरची हिरवी वायर कुठेच न जोडलेली, आणि फ्रिजची गळती त्याच वायरने फिरून सीपीयूच्या बॉडीवर. पिन कापल्यावर ती वाट बंद झाली एवढंच, फ्रिज तसाच राहिला. वायर पक्की केली, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता त्यात पाणी ओतलं, मग त्याने फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून दाखवला, छान पूर्ण पेटला. (हे घरी स्वतः करू नका, वायरमनलाच करू द्या.) पॉवर कॉर्ड नवीन आणली.

मुद्दा दोन: "चालू कॉम्प्युटरला एचडीएमआय लावू नका, पोर्ट जळतो." आता गंमत बघा, पोर्ट खरंच जळतात, आणि बऱ्याचदा याच मेसेजच्या पहिल्या मुद्द्यामुळे! एचडीएमआय (मॉनिटरला चित्र पाठवणारी केबल) चालू असताना लावायलाच बनवलंय, मॉनिटर जोडला हे कळायला त्यात वेगळी पिन आहे. पण एका बाजूला अर्थिंग नसलेला सीपीयू आणि दुसऱ्या बाजूला अर्थिंग असलेला मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर दोन्ही बॉडींमध्ये शंभरेक व्होल्टचा फरक, आणि केबल लावताना तो सिग्नलच्या पिनमधून गेला की आतली चिप संपली. अर्थिंगची खात्री नसेल तर दोन्हीकडची बटणं भिंतीवरून बंद करून मगच केबल लावा, एवढं बरोबर. यूएसबीला ही भीती कमी, त्यात पॉवरच्या पिना लांब असतात, त्या आधी जोडल्या जातात. जुने गोल जांभळ्या-हिरव्या टोकाचे कीबोर्ड-माऊस मात्र कॉम्प्युटर बंद करूनच लावायचे.

मुद्दा तीन, सोनेरी टोकाच्या केबलने चित्र शार्प दिसतं. नाही. एचडीएमआय डिजिटल आहे, सिग्नल पोचला तर चित्र येतं, नाहीतर ठिपके येतात किंवा स्क्रीन काळी होते. निळ्या टोकाच्या व्हीजीएच्या काळात हलक्या केबलने अक्षरांना सावली यायची, तिथून हा समज आलाय. सोन्याने गंज लागत नाही, कोकणात किनाऱ्यावर राहत असाल तर तेवढा उपयोग.

चौथा, पेनड्राइव्ह इजेक्ट करायची गरज नाही. अर्धं खरं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ व्हर्जनपासून 'क्विक रिमूव्हल', म्हणजे इजेक्ट न करता काढता येईल अशी सेटिंग, डिफॉल्ट आहे. पण कॉपी चालू असताना ओढला तर फाईल जाणारच, आणि हिशोबाच्या फाईली असतील तर दोन क्लिकचा कंटाळा कशाला?

पाचवा, मॉनिटरशेजारी निवडुंग ठेवा, रेडिएशन शोषतो. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेतच एक्स-रे अडवायला शिसं घालायचे, आणि आताच्या एलसीडीत एक्स-रे तयारच होत नाहीत. निवडुंग आवडत असेल तर ठेवा.

काल मामांचा फोन आला. टेस्टर विकत आणलाय, सीपीयू आणि फ्रिज दोन्हींना लावून बघितला, पेटत नाही. तो मेसेज त्यांनी तीन ग्रुपवर टाकला होता, त्या तिन्हींवर आज हे टाकणार आहेत.