‘निकालाआधी छदामही मिळत नाही’? फॉरवर्डमधले चार दावे

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. नवऱ्याने घटस्फोटाची केस लढवली तर निकालापर्यंत बायकोला पोटगी नाही. नोकरदार बाईला कधीच नाही. घर सोडलं की हक्क संपला. आणि फुकट वकील फक्त पिवळ्या रेशनकार्डावर. यातल्या एकाच वाक्यात थोडं तथ्य आहे.

निकालापर्यंत काही नाही? हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ नेमकं त्याच काळासाठी आहे. केस कुणीही टाकलेली असो, ती चालू असताना दरमहा पोटगी आणि कोर्टखर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अर्ज निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. तारखा लांबतात हे खरंच. पण रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायला सांगितली. आदेश दहा महिन्यांनी झाला तरी मागचे दहा महिने येणं निघतं. फॉरवर्डवर विश्वासून वर्षभर अर्जच केला नाही, तर ते वर्ष मात्र बुडालं.

याच निकालाने दोघांनाही उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. चांगले अर्ज इथेच गारद होतात. ‘घरखर्च ३०,०००’ असा मोघम आकडा नको. भाडं, किराणा, शाळेची फी, औषधं वेगवेगळी दाखवून पावत्या जोडा. माहेरून खात्यात पैसे येत असतील तर ती मदत की उसनवारी हे लिहा, नाहीतर समोरचा वकील त्यालाच तुमची कमाई म्हणेल. स्वतःची नोकरी लपवू नका. खोटं प्रतिज्ञापत्र अंगाशी येतं. नवरा ‘धंदा तोट्यात आहे’ म्हणाला, तर त्याने बँकेत दिलेला कर्जाचा अर्ज कोर्टामार्फत मागवा. कर्ज घेताना कुणी तोटा दाखवत नाही! जीएसटी विवरणपत्रं आणि गाडीचे हप्तेही उपयोगी पडतात.

नोकरदार बाईला नाही? थोडीफार कमाई हे पोटगी नाकारायचं कारण नाही, असं सर्वोच्च न्यायालयात सुनीता कछवाहा प्रकरणात (२०१४) ठरलंय. दोघांचे पगार जवळपास सारखे असतील तर तिची स्वतःची मागणी टिकणं अवघड. मुलांच्या खर्चाचा हिशेब मात्र वेगळा.

घर सोडलं की संपलं? तथ्य आहे ते इथेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (हेही पोटगीचंच कलम, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) सबळ कारणाशिवाय वेगळं राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारता येते. मारहाण, नवऱ्याची दुसरी बाई ही सबळ कारणं. म्हणून तक्रारीची प्रत आणि दवाखान्याचे कागद सांभाळा. घरगुती हिंसाचार कायद्याखाली सासऱ्यांच्या नावावरच्या सामायिक घरातही राहण्याचा हक्क मागता येतो (सर्वोच्च न्यायालयाचा आहुजा निकाल, २०२०). मालकी मात्र मिळत नाही.

फुकट वकील गरिबांनाच? बायकांना उत्पन्नाची अट नाही: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. जिल्हा कोर्टातल्या प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन लावा. वकिलाची फी प्राधिकरण देतं. त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

आदेश होऊनही पैसे येत नसतील तर? याबद्दल फॉरवर्ड गप्पच आहे. कलम १४४ च्या आदेशात थकीत रकमेसाठी ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकावा लागतो, नाहीतर वॉरंट निघत नाही.