झोनल सामन्यांना ‘औपचारिकता’ म्हणू नका

‘आशिया-ओशिआनिया गटातल्या फेऱ्या ही निव्वळ औपचारिकता, खरा डेव्हिस कप वरच्या गटातच’ हे डेव्हिस कप या देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूझीलंडविरुद्धची पाच सामन्यांची लढत बघायला मी पुण्यात बालेवाडीत होतो. शनिवारी दुहेरीत लिएंडर पेस जिंकला असता, तर इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचा दुहेरीतल्या ४२ विजयांचा विक्रम तिथेच मोडला असता. पेस-विष्णू वर्धन हरले तेव्हा माझ्या शेजारचे आजोबा हातातला छोटा तिरंगा नीट गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवत म्हणाले, ‘उद्या परत यायचं.’ आणि आले! रविवारी आपल्या रामकुमार रामनाथनने न्यूझीलंडच्या टिअर्नीला हरवून लढत जिंकून दिली, तेव्हा तोच झेंडा पुन्हा बाहेर निघाला. औपचारिकता बघायला सलग दोन दिवस कोण येतं हो?

तो विक्रमही शेवटी याच झोनमध्ये, म्हणजे आशिया-ओशिआनिया विभागात, मोडला गेला. एप्रिल २०१८, तिआनजिन, पहिल्या दिवशी चीनकडून आपण ०-२ ने मागे. रोहन बोपण्णाला घेऊन पेसने दुहेरीतला ४३वा विजय मिळवला, मग रामकुमार जिंकला, आणि निर्णायक सामन्यात प्रज्ञेश गुणेश्वरनने चीनच्या वू यिबिंगला हरवलं. अजून मागे जायचं तर १९७४ घ्या. कोलकात्यात पूर्व विभागाच्या अंतिम लढतीत आपण ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं, पाच सामन्यांत मिळून तब्बल ३२७ गेम झाले! त्यानंतर पुण्यात सोव्हिएत संघाला नमवलं. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ आपण दक्षिण आफ्रिकेविरुद्धची फायनल सोडली, हे सगळ्यांना आठवतं. पण तिथवर पोचलो ते विभागीय फेरीतूनच ना?