छातीवरची पुरवणी

हिवाळ्यातही सायकलनेच ऑफिसला जायचं, असं मी पैसे वाचवण्यासाठी ठरवलं. मग सायकलस्वारांच्या गरम जॅकेटची किंमत पाहिली आणि मुकाट्याने घरचं कपाट उघडलं.

पहिल्या दिवशी सुती बनियन, शर्ट, दोन स्वेटर आणि वर जाडजूड कोट चढवला. दारात उभा होतो तेव्हा गुंडाळलेल्या गादीसारखा दिसत असेन, पण ऊब कशी मस्त होती! दहाव्या मिनिटाला त्या गादीखाली घामाच्या धारा लागल्या. सुती कापड घाम पितं आणि सोडत म्हणून नाही. त्यात पाणी हवेच्या २५ पट जोमाने उष्णता वाहून नेतं. सिग्नलला थांबलो, तर पाठीला कुणी बर्फाची लादी टेकवल्यासारखं झालं. तेव्हापासून बनियनच्या जागी जुना, पातळ लोकरीचा स्वेटर आला. लोकर ओली झाली तरी थोडीफार माया ठेवते. आणि निघताना दारात जरा हुडहुडी भरलीच पाहिजे, नाहीतर एक कपडा उतरवायचा. हे घरच्यांना पटवणं मात्र चढ चढण्यापेक्षा अवघड. ‘असाच निघालास?’ हा प्रश्न रोज होतो.

खरा वैरी वारा, आणि तो मीच तयार करतो. पारा ५ अंशांवर, हवा निवांत, पण ताशी २० किलोमीटरने निघालो की चेहऱ्याला ते १ अंशासारखं झोंबतं. यावर फुकटचा उपाय म्हणजे छातीवर वर्तमानपत्र. टूर द फ्रान्सचे शर्यतपटूसुद्धा डोंगर उतरताना जर्सीत वर्तमानपत्र खुपसत. मी फक्त उड्डाणपूल उतरतो, पण घराणं तेच! रविवारची पुरवणी जाड, त्यामुळे माझा सोमवार उबदार जातो. बुधवारचा अंक अगदीच पातळ निघतो.

हातांत लोकरी मोज्यांवर भांडी घासायचे रबरी मोजे. गुलाबी. पायांत दोन-दोन मोजे घालून पाहिले, पण बूट इतका आवळला की रक्तच पोचेना आणि बोटं जास्तच गारठली. आता एकच मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. चालताना चुरचुर वाजते, त्यामुळे मी आल्याचं सगळ्या मजल्याला कळतं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी त्या चुरचुरीचीच वाट बघत असतो. मी कोटातून पेपर काढला की तो आधी शब्दकोड्याचं पान ओढून घेतो. काल ते उजेडात धरून म्हणाला, “उद्या जरा हळू चालव रे. उभे शब्द सगळे घामाने फिसकटलेत.”