गळ्यातली माळ आणि तराजूचा काटा

आमच्या लालबागच्या चाळीत कुणी 'माळ घातली' म्हटलं की पुढचं सांगावं लागायचं नाही. तुळशीची माळ गळ्यात आली म्हणजे दारू-मटण बंद, एकादशी धरायची, संध्याकाळी हरिपाठ, जमेल तशी पंढरीची वारी. आणि खोटं बोलायचं नाही. बाबांनी माळ घातली ती गिरणीत असताना. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात बाबाही. पुढे त्यांनी भाजीची गाडी लावली. घरात चहाला दूध नसायचं अशा दिवसांतही त्यांनी वजनात कधी मारलं नाही. आई कधी कुरकुरली तर "गळ्यात माळ आहे गं," एवढंच म्हणायचे.

मला ते भाबडं वाटायचं. पन्नाशी आली तेव्हा ते काय म्हणत होते ते कळलं.

मी बरीच वर्षं रोज पहाटे अर्धा तास ध्यानाला बसते. एक दिवस चुकवला नाही. तरी रात्री अडीचला जाग यायची, आणि पाचचा अलार्म वाजायच्या आत मी टक्क जागी असायचे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कारण माझं मला ठाऊक होतं. ऑफिसात एका बिलाची एंट्री माझ्या हातून चुकली होती, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी हाताखालच्या मुलीचं नाव सांगितलं. त्या वर्षी तिचं प्रमोशन हुकलं. पहाटे मी श्वास बघायचे आणि दुपारी तिच्याच शेजारी बसून डबा खायचे.

'ध्यान सुरू करा, स्वभाव आपोआप सुधारेल' असं सगळे सांगतात. माझा नाही सुधारला. उलट मी रोज बसते म्हणजे मी चांगलीच बाई आहे, असं मला वाटायला लागलं. साधनेतला हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरं, प्राणायाम चौथा. त्याआधी यम-नियम: अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह, संतोष. आपण क्लासची फी भरतो, चटई घेतो आणि थेट तिसऱ्यापासून सुरुवात करतो. ऑफिसांतल्या ध्यानाच्या वर्कशॉपमध्येही ताण कसा घालवायचा ते शिकवतात. तो ताण आपल्याच वागण्यातून आला असेल तर काय, हे तिथे मला कुणी विचारलं नाही.

गेल्या वर्षी बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला गेले, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला. तिथला पॅगोडा बघायला लांबून लोक येतात. एवढा प्रचंड घुमट आणि आत एकही खांब नाही. मला मात्र आठवते ती पहिली संध्याकाळ. श्वासाबद्दल काही शिकवण्याआधी पंचशील घ्यायला लावतात, म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि नशा यांपासून दूर राहण्याचं वचन. मग मौन. मौनात खोटं बोलायची सोयच उरत नाही, हे मला तिथे बसल्यावर उमगलं. तिसऱ्या दिवशी नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर मन ठेवून बसले होते आणि त्या मुलीचा चेहरा काही केल्या समोरून हलेना. बाबांची आठवण आली, तराजूच्या काट्याकडे बघत उभे असलेले. मी रडले.

परत आल्यावर आधी तिला सांगितलं, मग साहेबांना लेखी दिलं. मला मेमो मिळाला. ती ऐकून उठून गेली आणि नंतर कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचा तो हक्कच होता. तिचं गेलेलं वर्ष मी काही परत देऊ शकत नाही.

मेमो हातात पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अलार्म वाजत राहिला. शेवटी लेक उठून आली आणि तिने तो बंद केला. मी गाढ झोपेत होते.