दोन ओळी वाचायला काय जातं तुमचं?

फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारा. म्हणजे काँप्युटरची डिस्क आख्खी पुसा आणि विंडोज नव्याने टाका. गेले अकरा दिवस हेच ऐकून डोकं भणभणलंय माझं. सोलापुरात काँप्युटर दुरुस्तीच्या दुकानात जो बसतो त्याला दुसरं काही येतच नाही का? पेशंट दारात आला की नाडी न बघता सरळ पाय कापायला घेणारा डॉक्टर चालेल तुम्हाला?

पूर्व भागात आमचं घर. खाली चार माग, वरच्या खोलीत डिझाइनचं काम. आप्पा आधी ग्राफ पेपरवर चौकटी रंगवून चादरीची डिझाइनं काढायचे. २००७ साली आम्ही काँप्युटर घेतला, विंडोज एक्सपीचा. तेव्हापासून मोर, वेल, किनारी, टॉवेलवरची नावं, सगळं त्याच्यावर. डिझाइनचं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मागे खोचायच्या लायसन्सच्या चावीवर चालतं आणि तो डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात बसतो. नव्या काँप्युटरला असला पोर्ट बहुतेक नसतोच. ज्याने सॉफ्टवेअर दिलं त्याने धंदा कधीच गुंडाळला, त्यामुळे लायसन्स पुन्हा टाकून द्यायला कोणी नाही. सी ड्राइव्हवर साडेसहाशेच्या वर डिझाइनं. सीडीवर कॉपी आहे, पण २०१९ पर्यंतचीच.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, लाईट दोनदा गेली आणि दोनदा आली. यूपीएसची बॅटरी संपलेली होती. ती वेळेवर बदलायला हवी होती, ही चूक माझी आणि मी ती मान्य करते. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. विंडोज सुरू होऊ शकत नाही, कारण पुढची फाइल गहाळ किंवा खराब आहे: सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमधली पीसीआय डॉट एसवायएस. आणि त्याच्याच खाली लिहिलेलं, की मूळ सीडीवरून सेटअप चालू करा, पहिल्या स्क्रीनवर आर दाबा, ही फाइल दुरुस्त करून बघता येईल.

वाचलंत? रोग लिहिलाय आणि औषधही लिहिलंय. त्या पडद्यावर दुसरं काही नव्हतंच. तरी एकाही माणसाने ते वाचलं नाही!

नवी पेठेतल्या पहिल्या दुकानात पोराने मशीन चालू केलं, अक्षरं दिसली तशी बंद केलं.
"विंडोज उडालंय मॅडम. फॉरमॅट मारावं लागंल."
"अहो, पण आतली डिझाइनं?"
"ती जातेत की."
"स्क्रीनवर एका फाइलचं नाव येतंय ना, तेवढीच टाकता येणार नाही का?"
"तसं काय नसतंय ओ. लई जुनं झालंय हे. नवीन घ्या, चांगलं लावून देतो."
तसं काय नसतंय! माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर लिहिलंय आणि हा म्हणतो तसं काय नसतंय. वर चेकिंग चार्ज तीनशे रुपये.

दुसऱ्या दुकानात मशीन चार दिवस पडून होतं. रोज फोन केला की "संध्याकाळी बघतो ताई". पाचव्या दिवशी निदान काय, तर मदरबोर्ड गेलाय. अरे, मदरबोर्ड गेला असता तर हार्ड डिस्कवरून विंडोज उचलायला गेलं असतं का ते, आणि कुठली फाइल सापडत नाही ते नावानिशी सांगितलं असतं का?

रात्री मोबाईलवर फाइलचं नाव टाकून शोधलं. दहा साइट निघाल्या, सगळीकडे मोठं हिरवं डाउनलोडचं बटण. एकावर खरं, चार खोटी, आणि खऱ्यावर दाबलं तरी फाइल येतच नाही. येतं ते ड्रायव्हर शोधून देणारं भलतंच सॉफ्टवेअर. ते आधी म्हणणार तुमच्या काँप्युटरमध्ये सत्तेचाळीस चुका आहेत, मग म्हणणार पैसे भरा. घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालायचे धंदे आहेत हे. विंडोजची सिस्टिम फाइल असल्या ठिकाणावरून कधीच घेऊ नका. तुमच्या सर्व्हिस पॅकशी, म्हणजे विंडोजवर नंतर टाकलेल्या सुधारणांच्या गठ्ठ्याशी, ती जुळेल याची खात्री नाही, आणि तिच्यासोबत काय येईल ते तर विचारूच नका.

एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ ला संपला, माहितीय मला. म्हणूनच या मशीनला इंटरनेट जोडलेलंच नाही. त्याने फक्त डिझाइन काढायची आणि पंचिंगला, म्हणजे मागाच्या कार्डांना भोकं पाडायला, पाठवायची. त्या कामाला ते जुनं नाही.

शेवटी मावसभावाच्या माळ्यावरच्या पेटीत एक्सपीची सीडी निघाली. आम्हाला काँप्युटर विकणाऱ्याने मूळ सीडी कधी दिलीच नव्हती, हा आणखी एक संताप. सीडी घातली, सीडीवरून बूट केलं, आर दाबलं. रिकव्हरी कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करून दुरुस्ती करायचा काळा पडदा, उघडला. कुठल्या विंडोजमध्ये जायचं विचारलं, एक दाबून एंटर. पासवर्ड विचारला, आमचा नव्हताच, नुसतं एंटर. आधी डिस्क तपासणारं चेकडिस्क लावलं, कारण लाईट गेल्यावर डिस्कवर काय काय बिघडलंय कोण सांगणार? खोलीत त्रेचाळीस डिग्रीची धग, कॅबिनेट उघडं, समोर टेबल फॅन, आणि मी तीन तास टक्के मोजत बसलेले.

आणि मग जे कळलं त्याने तर अंगाचा तिळपापड झाला. एक्सपीवर सर्व्हिस पॅक नंतर टाकलेला असला, की विंडोज फोल्डरमध्येच सर्व्हिसपॅकफाइल्स नावाचं फोल्डर असतं, त्यात आय३८६ फोल्डर, आणि त्यात सिस्टिमच्या फायलींच्या चांगल्या प्रती. आमची पीसीआय डॉट एसवायएस तिथेच होती! त्याच डिस्कवर! ज्या डिस्कला पाचशे रुपये घेऊन फॉरमॅट मारणार होते, तिच्यातच! ती नसती तर सीडीवरच्या आय३८६ मध्येही ती दाबून ठेवलेली असते, शेवटच्या अक्षराच्या जागी अंडरस्कोर लावून, आणि एक्सपांड कमांडने मोकळी करता येते. मला तेवढंही लागलं नाही. कॉपी, इथून तिथे, एंटर. एक फाइल कॉपी झाली, असं आलं. एक्झिट टाइप केलं, सीडी काढली, मशीन पुन्हा चालू झालं, आणि आप्पांनी लावलेला सिद्धेश्वर तलावाचा फोटो डेस्कटॉपवर आला.

शंभर केबीसुद्धा नाही ती फाइल. मदरबोर्डवरच्या पीसीआय बसशी विंडोजचं बोलणं तिच्यामार्फत होतं. ती लागते अगदी सुरुवातीलाच, म्हणून सेफ मोड, म्हणजे मोजक्याच फायलींवर विंडोज उघडायची सोय, तीसुद्धा चालत नाही. म्हणजे अडचण खरीच मोठी दिसते. पण दिसते मोठी म्हणून आख्खं घर पाडायचं?

आमच्या जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खाली. मोराच्या मानेत एक रेघ चुकली की आप्पा चादर उजेडात धरतात, बोटाने ओळी मोजतात, माळेतलं ते एक फाटकं कार्ड शोधतात, नवं पंच करून दोऱ्याने ओवतात. अर्धा तास. सातवी शिकलेला माणूस आहे तो. आजवर एकदाही म्हणाला नाही, की माग भंगारात घाला. आणि हे भिंतीवर सर्टिफिकेट लावून बसलेले लोक, यांना चूक कुठंय ते मशीन स्वतः सांगतंय तरी शोधायची नाही! कारण फॉरमॅटला डोकं लागत नाही. पेन ड्राइव्ह लावायचा, चहा प्यायला जायचं, येऊन पाचशे घ्यायचे. समोरच्याची एकोणीस वर्षांची मेहनत गेली तर गेली.

चालू झाल्याबरोबर सगळी डिझाइनं दोन पेन ड्राइव्हवर घेतली, डिस्कची आख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवली, यूपीएसला नवी बॅटरी बसवली. लग्नसराईची एक ऑर्डर मात्र या अकरा दिवसांत हातची गेली, ती कोण भरून देणार?

काल पहिल्या दुकानात गेले, चेकिंग चार्जचे तीनशे परत मागायला. "मॅडम, चेक तर केलं ना," म्हणतो. म्हटलं, काय चेक केलंस ते कागदावर लिहून दे, फाइलचं नाव लिही त्या. पेन हातात घेऊन बसला, नाव काही येईना. पैसेही दिले नाहीत. सोमवारी पुन्हा जाणार आहे मी, आप्पांना घेऊन.