‘एफ-१३’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर : खेळ छोटे होते, हा त्यांचा दोष नव्हे

नमस्कार,

भयकथालेखक स्टीफन किंगच्या नावाने निघालेल्या ‘स्टीफन किंग्ज एफ-१३’ या कंप्युटर-खेळांच्या सीडीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : किंगच्या नावावर खपवलेल्या तीन पोरकट खेळांवर एवढं लिहायचं कशाला? समीक्षकांनी ही सीडी झोडपली ते योग्यच केलं. बनवणाऱ्यांना गेम बनवता येत नव्हता. आणि किंगच्या डिजिटल प्रयोगांबद्दल लिहायचंच, तर ‘रायडिंग द बुलेट’ या त्याच्या ई-बुक कथेवर लिहावं.

बनवणाऱ्यांबद्दलचं तुमचं विधान मला अजिबात मान्य नाही. प्रकाशक ब्लू बाइट होते, पण सीडी तयार केली प्रेस्टो स्टुडिओजने. याच मंडळींनी आधी ‘जर्नीमन प्रोजेक्ट’ ही गेमची मालिका केली आणि नंतर २००१ मध्ये ‘मिस्ट ३ : एग्झाइल’ हा गेम. खेळणाऱ्याला एखाद्या निर्मनुष्य जागेत गुंतवून कसं ठेवायचं, हे त्यांना नीट ठाऊक होतं. तेव्हा कारण दुसरीकडे शोधायला हवं.

खेळ फसले, यावर आपलं एकमत आहे. मूळ लेखातही मी तेच लिहिलंय. पण ‘एवढेसे खेळ, त्यात भीती कसली’ हे तुमचं वाक्य मला खटकलं. १९९२ पासून बरीच वर्षं विंडोजबरोबर यायचा तो माइनस्वीपर आठवा. त्यात ना भूत, ना रक्त. शेवटचे दोन चौकोन उरतात, सुरुंग कुठल्यात ते कळायला मार्ग नसतो, तरी क्लिक तर करावंच लागतं. तेव्हा छातीत धडधडतं की नाही? आता या सीडीतला ‘व्हॅक-अ-झॉम्बी’ बघा. मढं वर आलं की हाण, पुढचं आलं की हाण. ‘बग स्प्लॅट’मध्ये किडे चिरडायचे. खेळणाऱ्याचा हात कायम वरचढ. जो मारतोय त्याला भीती कशाची वाटणार? गडबड इथे आहे. खेळाचा आकार दुप्पट केला असता तरी ती गेली नसती.

आणि मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची, जिचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही. याच सीडीवर ‘एव्हरीथिंग्ज इव्हेन्च्युअल’ ही किंगची दीर्घकथा आहे. ती १९९७ मध्ये एका मासिकात आली होती, पण २००२ पर्यंत किंगच्या कुठल्या कथासंग्रहात नव्हती. कथेतला डिंकी हा साधा, शाळा सोडलेला पोरगा. त्याला घर मिळतं, आठवड्याला ठरावीक पैसे मिळतात, आणि उरलेले पैसे आठवडा संपायच्या आत नष्ट करायचे असा नियम असतो. म्हणून तो चिल्लर गटाराच्या जाळीतून खाली सोडतो. वाचताना आपल्याला वाटतं, हे काय विचित्र! मग हळूहळू उलगडतं की त्याने काढलेल्या आकृत्या ज्याच्यासाठी असतात तो माणूस मरतो, आणि हे काम तो घरी बसून, कंप्युटरवरून, ईमेल पाठवून करतो.

जरा विचार करा. सीडी रोजच्या कंप्युटरवर वॉलपेपर, स्क्रीनसेव्हर आणि आवाज घेऊन राहायला आलेली. नाव बहुतेकांच्या कीबोर्डवर नसलेल्या बटणाचं. आणि आत अशी कथा, जिच्यात कंप्युटरसमोर बसलेला माणूसच मारेकरी आहे. एक आकृती जुळवायची, नाव टाकायचं, ‘पाठवा’ दाबायचं. एवढ्याशा खेळाने माऊसवरचं बोट थबकलं असतं. हे सगळं हाताशी असताना कथा एका कोपऱ्यात आणि किडे दुसऱ्या कोपऱ्यात ठेवले गेले. समीक्षकांनी खेळांना नावं ठेवली ती रास्तच, पण माझ्या लेखी या सीडीचा सर्वांत मोठा दोष हा आहे, आणि त्यासाठीच मी तो लेख लिहिला.

‘रायडिंग द बुलेट’चं महत्त्व मी नाकारत नाही. मार्च २००० मध्ये पहिल्या चोवीस तासांत त्याच्या चार लाखांहून अधिक प्रती गेल्या. पण ती सरळ वाचायची कथा होती, फक्त पडद्यावर. कथा आणि कंप्युटर यांची सांगड घालायची खरी संधी ‘एफ-१३’कडे होती.

तुम्ही फक्त खेळ खेळून सीडी काढून ठेवली असेल, तर आधी ती कथा वाचा. २००२ च्या संग्रहाचं नावच ‘एव्हरीथिंग्ज इव्हेन्च्युअल’ आहे, त्यामुळे शोधायला त्रास पडायचा नाही. वाचून झाल्यावरही तुमचं मत तेच राहिलं, तर जरूर लिहा. मला वाचायला आवडेल.